तेरेझचे कान

सामेह गिरगिस ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये एकतीस वर्षं राहतोय, आणि त्यातली पहिली चोवीस वर्षं हा माणूस गिटार वाजवतो याचा त्याच्या गल्लीत कुणाला पत्ताच नव्हता. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला आहे, बायको जरा आजारी असते, मुलगा बाहेरगावी शिकतो, लॉन वेळेवर कापतो. एवढ्या माहितीवर शेजाऱ्यांचं छान भागत होतं. इजिप्तचा आहे म्हटल्यावर लोक हटकून पिरॅमिडबद्दल विचारायचे. पिरॅमिडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या नाइटक्लबांत आपण बारा वर्षं वाजवलंय, हे काही तो सांगायचा नाही. "हो, फार मोठे आहेत," एवढंच म्हणायचा.

जन्म कैरोच्या शोब्रा भागातला. वडील पोस्टात कारकून. आई गेली तेव्हा सामेह चार वर्षांचा होता आणि थोरली बहीण तेरेझ चौदाची. तिनं शाळा सोडली आणि भावाला वाढवलं. थोरल्या बहिणीला तिकडे अब्ला म्हणतात, आपण ताई म्हणतो तसं. पुढे इमारतीतलं एक ग्रीक कुटुंब गाशा गुंडाळून अथेन्सला निघालं, घरातलं सामान जिन्यात मांडून विकायला काढलं, तेव्हा या अब्लानं शिवणकामाच्या पैशातून त्यांची गिटार उचलली. पोराला काही तरी हातात हवं, एवढाच तिचा विचार. सामेह तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

आता त्या गिटारीची अडचण अशी, की ती पाश्चात्य. अरबी गाण्यात कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या बरोबर मधोमध एक सूर असतो. पेटीवर तो नाही, पियानोवर नाही, गिटारीवरही नाही. पण त्याच्यावाचून तिकडच्या माणसाला गाणं अळणी लागतं. सामेहनं ऊद नावाचं तिकडचं तंतुवाद्य बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला गाठून गिटारीच्या मानेवर जादा पडदे ठोकून घेतले. दोन पडद्यांच्या मध्ये तिसरा, अगदी दाटीवाटीनं. त्या दाटीत बोट नेमकं कुठे टेकायचं हे अंगवळणी पडायला दोन वर्षं गेली. तशी गिटार कैरोत आणखी एकदोघांकडे होती, पण सामेह त्या मधल्या सुरावर किंचित रेंगाळायचा. पुढे जायचं मनात नसल्यासारखा. ती त्याची सही होती.

ऐंशीच्या आसपासचा काळ कॅसेटचा होता. लग्नाच्या वरातीत, सरबताच्या गाड्यावर, टॅक्सीत, जिकडे तिकडे तीच गाणी, आणि त्यातल्या कितीतरी गाण्यांत सामेहची गिटार. कॅसेटच्या वेष्टणावर गायकाचा फोटो असे, कवीचं नाव असे, संगीतकाराचं असे, कंपनीचा पत्ता असे. गिटार कुणाची, हे कधीच नसे. पण तेरेझला त्याची गरजही नव्हती. टॅक्सीत बसली असताना गाणं लागलं, दोन तारा वाजल्या, की ती ड्रायव्हरच्या खांद्यावर टकटक करून म्हणायची, "आवाज वाढव. माझा भाऊ आहे." ड्रायव्हरला खरं वाटायचं नाही. मग बाईसाहेब उतरेपर्यंत त्याच्याशी भांडायच्या. सामेहला उभ्या आयुष्यात मिळालेली प्रसिद्धी ती एवढीच, आणि खरं सांगायचं तर त्याला ती पुरत होती.

मग कीबोर्ड आले. एक बटण दाबलं की मधला सूर हजर, आणि वाजवणाऱ्याला जादा पडदे नकोत की दोन वर्षांची मेहनत नको. बघता बघता कामं आटली. बायकोचा भाऊ ह्यूस्टनला होता, त्याच्या भरवशावर एकेचाळिसाव्या वर्षी सामेहनं देश सोडला. इथे दिवसभर काचा घासायच्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी चाळीस मिनिटं गाडी हाणून एका अरबी रेस्टॉरंटात हुक्क्याच्या धुरात वाजवायचं. काही वर्षांनी त्यांनीही डीजे ठेवला. बायको मोना आठ वर्षांपूर्वी गेली. मुलगा रामी पोर्टलंडला असतो, वाढदिवसाला न चुकता फोन करतो, अमेरिकन मुलं जेवढं प्रेमानं बोलतात तेवढं बोलतो. बापाच्या गाण्यातलं त्याला काही कळत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

सामेह एकटा होता. आडवळणानं सांगायचं कारण नाही, एकटाच होता. मोना गेल्यावर अरबी शब्द तोंडातून निघायचा तो आठवड्यातून एकदा, रविवारी, तेरेझच्या फोनवर.

आपली मंडळी या गोष्टीत येतात ती इथे. शेजारच्या घरात निमिष आणि नीलांबरी राहायला आले. निमिष नागपूरचा, एका तेल कंपनीत सॉफ्टवेअरवाला, नीलांबरी पुण्याची. निमिषला गाण्याचा भयंकर नाद. घरातल्या मोठ्या वॉक-इन क्लोझेटमध्ये त्यानं माइक, कॉम्प्युटर मांडून स्टुडिओ थाटला होता. एका दुपारी सामेहच्या उघड्या गॅरेजमधून गिटार ऐकू आली आणि हा गृहस्थ चपला न घालता तापलेल्या डांबरावरून धावत गेला. महिन्याभरात सामेह 'सामेहकाका' झाला, आणि दिवाळीत महाराष्ट्र मंडळाच्या ऑर्केस्ट्रात गिटार घेऊन बसलासुद्धा.

तिथे पेटीवर एकनाथकाका होते. तालमीत सामेहचं बोट जुन्या सवयीनं मधल्या पडद्यावर गेलं, की एकनाथकाका पेटी थांबवायचे. "गंधार उतरतोय हो तुमचा," असं म्हणून मोबाइलवरचं ट्यूनरचं अॅप त्याच्यासमोर धरायचे. बावीस श्रुतींवर तासभर न थांबता बोलणारी आपली माणसं, पण अॅपचा काटा हिरव्यात आला नाही तर यांच्या जिवाला चैन पडत नाही. सामेहनं वाद घातला नाही. वाद घालण्याएवढी माणसं त्याच्याजवळ उरली नव्हती. तो आपला साध्या पडद्यांवरून वाजवायला लागला. लोकांना आवडलं, नीलांबरीच्या हातचा फराळ मिळाला, चार घरी येणंजाणं झालं.

आणि मग बोटं आखडायला लागली. संधिवात. आधी सकाळच्या वेळी, मग दिवसभर. डॉक्टर म्हणाली, एक ते दहामध्ये किती दुखतं? सामेहनं सहा सांगितलं, कारण पाच कमी वाटले असते आणि सात म्हणजे तक्रार झाली असती. मंडळाला कळवलं, यंदा जमणार नाही, प्रवासात आहे. गिटार पलंगाखाली गेली. दर रविवारी तेरेझ विचारायची, "वाजवतोस ना?" आणि तो म्हणायचा, "रोज."

दोन वर्षं हे 'रोज' चाललं. मग या उन्हाळ्यात एका रविवारी तेरेझ म्हणाली, "काहीतरी वाजवून पाठव. माझे पाय गेले, साखरेनं डोळे गेले. कान उरलेत. तेही गेले की आहेत, एकदा बघायचंय मला. पण तुझं आहे असं सांगून पाठवू नकोस. मीनाला म्हणावं, नुसतं लाव. माझं मी ओळखीन." मीना हा तिचा मुलगा, तिकडे हे पुरुषाचं नाव असतं.

ब्याऐंशी वर्षांच्या बहिणीला नाही म्हणायचं कसं? आणि खरं तर सामेहलाही तेच हवं होतं. त्याचा हात ओळखणारं जगात आता एकच माणूस शिल्लक होतं. तिनं एकदा, शेवटचं, 'हा माझा भाऊ' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

गिटार बाहेर निघाली. पंधरा दिवस तो गरम पाण्यात बोटं बुडवून, मलम चोळून बसला. निमिषला सांगितलं, बहिणीसाठी एक छोटं रेकॉर्डिंग करायचंय, नाव घालायचं नाही, आणि भाच्याला पाठवायचं. ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी ते क्लोझेटमध्ये बसले. आवाज येतो म्हणून एसी बंद. चारी बाजूंनी नीलांबरीच्या साड्या आणि निमिषचे सूट. पूर्वी गायक मंचावर यायच्या आधी सामेह सुचेल तसं वाजवायचा, तसाच एक तुकडा त्यानं वाजवला. घाम कोपरावरून गिटारीवर ठिबकत होता. तीन वेळा अर्ध्यातच थांबला. चौथ्यांदा शेवटपर्यंत गेला. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

"झालं," तो म्हणाला. हात मांडीखाली दाबून धरला, आखडलेली बोटं दिसू नयेत म्हणून.

"काका, क्या बात है! तुम्ही काही टेन्शन घेऊ नका. मी जरा क्लीन करून पाठवतो," निमिष म्हणाला. क्लीन म्हणजे कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर वगैरे काढणार असेल, असं सामेह समजला.

बुधवारी सकाळी मीनाचा मेसेज आला. 'मामा, आज लावलं. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, फार साफ हात आहे, कुणी परदेशी दिसतो, कोण आहे हा? मी म्हटलं रेडिओवर लागलंय. आता खरं सांगू का?'

सामेह फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला. टोस्टरमधला ब्रेड गार झाला. आपण म्हातारे झालो, हे त्याला माहीत होतं. आपण पुसले गेलो, हे त्या सकाळी कळलं. पण त्याहूनही मोठी भीती दुसरीच होती. खरं सांगितलं, तर आपले कान गेले असं तेरेझ समजेल. त्यानं लिहिलं, 'सांगू नकोस.'

संध्याकाळी निमिष कामावरून आला तसा सामेह त्याच्या दारात हजर. "काय पाठवलंस ते ऐकव," म्हणाला.

निमिषनं मोठ्या हौसेनं लावलं. दुसऱ्याच ओळीत सामेह स्पीकरकडे वाकला. बोटं त्याची, तार त्याची, पण जिथे तो मधला सूर लागायचा तिथे शुद्ध गंधार उभा होता, इस्त्री केलेला. रेंगाळणंही गेलं होतं. सगळं कसं ठोक्याला ठोका.

"टोटल सत्तेचाळीस नोट्स ऑफ होत्या, काका," निमिष म्हणाला. "ऑटोवर नाही टाकलं हां. एकेक नोट हातानं पिच करेक्ट केली. दोन दिवस ऑफिसमधून लवकर आलो."

नीलांबरी सरबताचे ग्लास घेऊन आली होती. सामेहचा चेहरा पाहून ती जागीच थांबली. "निमिष, तू त्यांना विचारलं होतंस का?"

"अगं, सरप्राइज होतं यार. त्यांच्या बहिणीला पाठवायचं, म्हटलं मस्त प्रोफेशनल करून देऊ."

सामेहला राग आला. चांगला सणकून आला. आणि ज्याच्यावर यायचा, तो समोर एवढ्या निष्पाप तोंडानं उभा होता, की राग जायचा कुठे? त्यानं घरी जाऊन गिटार आणली. मानेवरच्या दाट पडद्यांवर बोट ठेवलं. "हे काय आहे, सांग."

"मला वाटलं जुनी गिटार आहे, कुणीतरी रिपेअर करताना…" निमिष म्हणाला. सामेहनं तो एकच सूर वाजवला. मग शेजारचा साधा. मग पुन्हा तो. निमिष गाण्यात दगड नव्हता. त्याचा चेहरा पडत गेला. "शिट," तो हळूच म्हणाला. "सॉरी, काका. ओरिजिनल आहे माझ्याकडे. आत्ताच्या आत्ता पाठवतो."

"आधी मला ऐकव."

स्क्रीनवर सत्तेचाळीस लाल खुणा होत्या. एकेका खुणेवर सामेह बोलत गेला. "बरोबर. बरोबर. हेही बरोबर." मग थांबला. "पुन्हा लाव." निमिषनं पुन्हा लावलं. "चूक," सामेह म्हणाला. पुढे पुन्हा बरोबर, आणि मग लागोपाठ दोन चूक. दाटीत बोट शेजारच्या पडद्यावर पडलं होतं. वाजवताना त्याला कळलंसुद्धा नव्हतं. शेवटी निमिषनंच आकडा सांगितला, तोही खाली मान घालून. एकोणतीस बरोबर, अठरा चूक.

त्या अठरांनी सामेहला बुधवारच्या सकाळपेक्षाही जास्त खचवलं. मशीनवर खापर फोडता आलं असतं, ती सोय गेली. चाळीस वर्षांत ज्या हातानं एक पडदा चुकवला नव्हता, त्यानं पावणेचार मिनिटांत अठरा चुकवले होते.

निमिष शेवटी इंजिनियरच. गप्प बसवेना. "काका, एक करू या. ते एकोणतीस जसेच्या तसे ठेवतो. फक्त हे अठरा फिक्स करतो. एका संध्याकाळचं काम आहे. तुमचा हात राहील आणि मिस्टेक्स जातील. त्यांना कळणारसुद्धा नाही."

अगदी योग्य सल्ला होता. सामेहनं विचार करतो म्हणून सांगितलं आणि घरी आला. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. तेरेझ ओळखील, आणि आपला भाऊ अजून पूर्वीसारखा वाजवतो या समाधानात राहील. यात कुणाचं वाईट होणार होतं? कुणाचंच नाही. आणि तरी त्याचं मन घेईना. पुढच्या रविवारी ती विचारील, वाजवतोस ना, आणि तो म्हणेल, रोज. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. दोन वर्षं तो त्या हाताबरोबर या घरात एकटा होता. कुणाला सांगावं, कसं सांगावं, हे त्याला जमलं नव्हतं. त्या अठरा चुका एका तरी माणसानं ऐकाव्यात, असं त्याला फार फार वाटायला लागलं.

शनिवारी त्यानं निमिषच्या घराची बेल वाजवली. "आहे तसं भाच्याला पाठव. काहीही फिक्स करू नकोस."

"पंख्याचा आवाज तरी काढू?"

"राहू दे."

रविवारी सकाळी नऊला, म्हणजे तिकडे संध्याकाळी पाचला, त्यानं फोन केला. मीनानं आईच्या उशाशी फोन स्पीकरवर ठेवला आणि दुसऱ्या फोनवर, काही न बोलता, रेकॉर्डिंग लावलं. सामेह ऐकत होता. त्याच्याच गिटारीचा आवाज शोब्रातून फिरून त्याच्या स्वयंपाकघरात येत होता. मधे खालच्या रस्त्यावरचे हॉर्न.

पहिली ओळ झाली, दुसरी सुरू झाली, मधल्या सुरावर गिटार रेंगाळली, आणि तेरेझ मोठ्यानं हसली. "मीना! आवाज वाढव!" ती ओरडली. "तुझा मामा आहे! ऐक, ऐक!" सामेहनं टेबलाची कड घट्ट धरली.

मग पहिली चूक आली. तिचं हसू थांबलं. दुसरी आली, तिसरी आली. लागोपाठच्या दोन चुकांपाशी तिनं नुसता श्वास आत ओढला, तोही त्याला ऐकू आला. रेकॉर्डिंग संपलं.

"सामेह," ती म्हणाली.

"हं, अब्ला."

"केव्हापासून?"

"दोन वर्षं झाली."

ती खोटं बोलल्याबद्दल रागावणार, असं त्याला वाटलं. लहानपणी ती असे मोजके प्रश्न विचारायला लागली की पुढे धपाटा ठरलेला असे. पण तिचा आवाज अगदी हलका आला.

"फार दुखतं का रे?"

एक ते दहा असं तिनं विचारलं नव्हतं. बाहत्तर वर्षांच्या सामेहनं तोंड उघडलं, 'नाही' म्हणायला, सवयीनं. आणि त्याला ते म्हणता आलं नाही.

"हो," तो म्हणाला. "फार दुखतं गं."